आवाज न करणारा होम थिएटर संगणक: लॅमिंग्टन रोडपासून टीव्हीखालच्या कप्प्यापर्यंत

डोंबिवलीच्या आमच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल आणि चालू आहे की बंद हे कानाला कळणार नाही, असा संगणक सुटे भाग आणून जुळवायचा, असे मी जुलै २०२३ मध्ये ठरवले. तो दसऱ्याच्या सुमारास खऱ्या अर्थाने पूर्ण झाला. मधल्या काळात जी माहिती इंग्रजीत तुकड्यातुकड्यांनी शोधावी लागली, ती मराठीत एका जागी मिळावी म्हणून सगळा क्रम येथे लिहून ठेवत आहे. मी संगणक क्षेत्रातली नाही आणि याआधी स्वतः संगणक जुळवलेला नव्हता. ज्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी बराच काळ काढला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

गरज बाबांची होती. त्यांच्याकडे मराठी नाटकांच्या व्हीसीडींच्या दोन भरलेल्या पिशव्या आहेत आणि घरातल्या मुंजी-लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटींवरून काही वर्षांपूर्वी करून घेतलेल्या फायली आहेत. हे सगळे आम्ही जुन्या डेस्कटॉपवरून टीव्हीवर पाहत असू. नाटकाचे चित्रीकरण रंगमंचावरच्या माइकवर झालेले असते. पात्र हळू बोलले किंवा दोन वाक्यांमध्ये थांबले की डेस्कटॉपच्या पंख्याची घरघर पुढे येई. "तो पंखा आधी बंद कर, मला संवाद ऐकू येत नाही," असे बाबा म्हणत. आवाज वाढवला की घरघर दबे, पण मग टाळ्यांच्या वेळी शेजारच्यांना त्रास होई.

सोपा मार्ग म्हणजे तयार डबा घेणे, आणि तो मी आधी तपासला. स्वस्त अँड्रॉइड डब्यावर ओटीटी बरे चालते, पण आमच्या जुन्या फायलींमधली पट्ट्यापट्ट्यांची चित्रे त्यावर नीट सुधारत नव्हती. याचा खुलासा पुढे येईल. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तेव्हा मूळ किमतीत मिळणे कठीण होते. इंटेलचा नक हा छोटा तयार संगणक जवळजवळ पक्का झाला होता, पण त्याच जुलैमध्ये इंटेलने नकमधली थेट गुंतवणूक थांबवत असल्याचे जाहीर केले आणि पुढे ते काम आसुसकडे गेले. सेवेबद्दलची अनिश्चितता हे एक कारण झालेच. पण त्याहून मोठे कारण असे, की इतक्या लहान डब्यातला पंखाही लहान असतो, आणि तेवढीच हवा ढकलण्यासाठी लहान पंख्याला जास्त वेगाने फिरावे लागते. त्याचा सूर बारीक आणि कानाला टोचणारा असतो. मोठा पंखा सावकाश फिरवणे हाच शांततेचा मार्ग आहे हे समजल्यावर सुटे भाग घेण्याचा निर्णय झाला.

पहिले काम मोजपट्टीचे. टीव्ही युनिटचा कप्पा आतून ४० सेंटीमीटर खोल आणि १२ सेंटीमीटर उंच भरला. मागे एचडीएमआयची आणि विजेची वायर वळायला निदान पाच-सहा सेंटीमीटर लागतात, हे धरून फ्रॅक्टल डिझाइन कंपनीचे नोड २०२ हे आडवे कॅबिनेट निवडले. ते सुमारे ३८ सेंटीमीटर रुंद, ३३ खोल आणि ९ सेंटीमीटरपेक्षा कमी उंच आहे, आकारमान १०.२ लिटर. कॅबिनेट ठरले की बाकीच्या गोष्टी आपोआप ठरतात: मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ सेंटीमीटर चौरस; एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नेहमीच्या एटीएक्स मापाचा नव्हे तर लहान एसएफएक्स; आणि प्रोसेसरवरचा कूलर ५६ मिलिमीटरपेक्षा उंच नाही. म्हणून माझा सल्ला असा, की प्रोसेसरपासून नव्हे, कप्प्यापासून सुरुवात करा.

प्रोसेसर निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा होता: स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय चालेल का? कार्ड आले की उष्णता आली आणि तिच्यामागोमाग आणखी पंखे आले. इंटेल कोअर आय३ १२१०० या प्रोसेसरच्या आतच असलेले यूएचडी ७३० ग्राफिक्स एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तिन्ही प्रकारांतले व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडते, त्यामुळे ४के चित्रपट चालू असतानाही प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ असतो. येथे एक जपायचे: याच क्रमांकापुढे 'एफ' अक्षर असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसते आणि आपल्या कामासाठी तो निरुपयोगी आहे. दुसरी जपायची गोष्ट मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआयची. एच६१० चिपसेटच्या (बोर्डवरच्या मुख्य चिपच्या) काही स्वस्त बोर्डांवर ते जुन्या १.४ प्रतीचे असते आणि ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा पाठवू शकते. ६० वेळा हवे असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशिलात '४०९६ बाय २१६० @ ६० हर्ट्झ' असा स्पष्ट उल्लेख शोधा. दुकानातल्या खोक्यावर तो असेलच असे नाही.

शनिवार, ५ ऑगस्ट २०२३ रोजी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात, गेले. डोंबिवलीहून दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. स्टेशनपासून चालत जाता येते. फलकांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि शनिवारी दुपारनंतर गर्दी फार होते, म्हणून सकाळी अकराच्या आसपास पोहोचणे सोयीचे. भावांची यादी कागदावर घेऊन गेले होते आणि त्याचा उपयोग झाला, कारण एका दुकानात सगळे स्वस्त असे कधीच नसते. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एका ठिकाणी घेतले, एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी ड्राइव्ह, शेजारच्या गल्लीत. "ताई, एवढ्या छोट्या बोर्डाला भाव जास्तच लागतो, मोठा घ्या, अडीच हजार वाचतील," असे दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, आणि ते खरे आहे: लहान आकारासाठी सगळीकडेच जास्त पैसे मोजावे लागतात.

बिलाबाबत थोडे सविस्तर सांगते, कारण पुढे सगळे त्यावरच अडले आणि सुटले. पक्के जीएसटी बिल घ्या. सुट्या भागांवर १८ टक्के कर लागतो. "बिल नको असेल तर कमी करू" असे कोणी म्हटले तरी नको म्हणा. बिलावर प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि तेथेच उभे राहून खोक्यावरचा क्रमांक त्याच्याशी पडताळा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घेतला तर इंटेलची तीन वर्षांची हमी मिळते. घरी आल्यावर सर्व बिलांचे आणि क्रमांकांच्या चिकटपट्ट्यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवले, आणि खोकी माळ्यावर. थर्मल कागदावरची छपाई काही काळाने पुसट होते, तेव्हा फोटो हवाच.

कॅबिनेट, एसएमपीएस आणि नॉक्टुआचा एनएच-एल९आय-१७एक्सएक्स हा कूलर बाजारात मिळाला नाही. ७ ऑगस्टला ऑनलाइन मागवले. कूलर आठवड्याच्या आत आला, कॅबिनेट १६ तारखेला आणि एसएमपीएस त्यानंतर. या कूलरची पंख्यासकट उंची ३७ मिलिमीटर आहे. प्रोसेसरच्या खोक्यात इंटेलचा कूलर फुकट येतो आणि तो या कॅबिनेटमध्ये मावतोही. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांनी आधी तोच लावून पाहावा. मी थांबले नाही, कारण हा संगणक केवळ आवाजासाठी होत होता.

रविवार, २० ऑगस्टला जेवणाच्या टेबलावर जुळणी केली. स्थिर विजेसाठी सुती कपडे, पायाखाली गालिचा नाही, आणि प्रत्येक भाग उचलण्याआधी एसएमपीएसच्या धातूच्या अंगाला हात लावायचा, एवढी काळजी घेतली. प्रोसेसरवरच्या सोनेरी त्रिकोणाची खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवून तो नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नाही. त्यानंतरची तरफ मात्र चांगलीच जोर लावून बंद करावी लागते आणि त्या वेळी येणारा करकर आवाज ऐकून हात थांबतो. तो आवाज येणारच. तरफ पूर्ण खाली आणून हुकाखाली अडकवायची. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा मध्यभागी वाटाण्यापेक्षा थोडा लहान ठिपका पुरतो. या कूलरचे चारही स्क्रू बोर्डच्या मागच्या बाजूने येतात, त्यामुळे बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी कूलर बसवणे भाग आहे. स्क्रू एकेक पूर्ण आवळू नयेत. तिरप्या जोडीने, अर्धा-अर्धा वळसा देत चारही एकदम खाली आणावेत.

लहान कॅबिनेटमध्ये खरी कसोटी वायरींची. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या, दिव्याच्या आणि यूएसबीच्या बारीक वायरी बोर्ड आत गेल्यावर बोटांना सापडत नाहीत, म्हणून त्या बोर्ड अर्धवट तिरका धरूनच जोडल्या. २४ पिनांची जाड वायर कूलरच्या पंख्याला टेकणार नाही अशी दुमडून झिप-टायने बांधली. वायर पंख्याला जरा जरी घासली तरी टिकटिक सुरू होते. संध्याकाळी पहिल्यांदा बटण दाबले आणि टीव्हीवर बोर्डचे चिन्ह उमटले, तेव्हा बाबांनी टाळी दिली. मला मात्र पंखा फिरतो आहे ना हे वाकून पाहावे लागले, इतका तो शांत होता.

पण रात्री अकरानंतर, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, एक अतिशय बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. ती पंख्याची नव्हती. पंखा बोटाने क्षणभर थांबवला तरी ती तशीच राहिली, आणि पडद्यावरची यादी वरखाली सरकवली की तिचा सूर बदले. कानाशी कागदाची गुंडाळी धरून शोधले तेव्हा ती एसएमपीएसमधून येत असल्याचे कळले. याला कॉइल व्हाइन म्हणतात: विजेच्या वेगवान बदलांमुळे आतली वेटोळी थरथरतात आणि ती थरथर ऐकू येते. वस्तू बाकी व्यवस्थित काम करते, आणि म्हणूनच हमीत बसवून घेणे अवघड जाते.

विक्रेत्याकडे परत करण्याची मुदत टळत आली होती. त्यांनी सेवा केंद्राकडे बोट दाखवले. सेवा केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज भरला: अनुक्रमांक, बिलाची प्रत, बिघाडाचे वर्णन. पहिले उत्तर आले की आवाज हा बिघाड धरला जात नाही. त्यावर मी रागावून लिहिण्याऐवजी पुरावा गोळा केला. रात्री फोन एसएमपीएसपासून हातभर अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रण केले. आधी संगणक बंद, मग चालू, मग ४के व्हिडिओ लावून. आणि तिन्ही एकाच फायलीत सलग ठेवून पाठवले. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचे आकडे पाठवण्याचा विचार सोडून दिला, कारण तीस डेसिबलच्या खाली फोनचा माइक भरवशाचा राहत नाही. या वेळी अर्ज मंजूर झाला आणि आरएमए क्रमांक, म्हणजे वस्तू परत पाठवण्याच्या परवानगीचा क्रमांक, मिळाला. २८ ऑगस्टला मूळ खोक्यात, सर्व वायरींसह, खोक्यावर तो क्रमांक ठळक लिहून एसएमपीएस पाठवला. वायरी राहिल्या तर अर्ज परत येतो असे त्यांच्या सूचनांमध्येच होते.

मग वाट पाहणे. १९ सप्टेंबरला गणपती बसले, पाहुणे आले, आणि टीव्हीखालच्या कप्प्यात उघडे कॅबिनेट तसेच. दर सोमवारी सकाळी आरएमए क्रमांक देऊन एक सभ्य ईमेल पाठवत राहिले. फोनपेक्षा ईमेल बरे, कारण तारखा लेखी राहतात. या काळात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो बाबांच्या "झाले का गं?" या साध्या प्रश्नाचा. ६ ऑक्टोबरला बदलून दिलेला एसएमपीएस आला. त्याच रात्री बसवून सगळे दिवे मालवून ऐकले. कॅबिनेटला कान लावला तर अगदी पुसट सळसळ होती. सोफ्यावरून काही नाही.

आता सॉफ्टवेअर. लिब्रेएलेक ही लिनक्सची अशी आवृत्ती आहे, जी संगणक सुरू होताच थेट कोडी हा माध्यम-प्लेअर उघडते; बाबांना मध्ये काहीच दिसत नाही. पेनड्राइव्हवर उतरवून बसवायला चहा होण्याइतका वेळ लागला. बसवताना निवडलेली ड्राइव्ह पूर्ण पुसली जाते, म्हणून फायलींची २ टीबीची एसएसडी त्या वेळी मी काढूनच ठेवली होती. एक मर्यादा आधीच सांगते: ओटीटी सेवांची अधिकृत ॲप यावर नाहीत. ती आम्ही टीव्हीच्याच ॲपवर पाहतो, आणि तोच मार्ग सरळ आहे.

चित्राच्या दृष्टीने जो बदल मला सर्वांत मोलाचा वाटला, तो एका सेटिंगने झाला. आपल्याकडची व्हीसीडी, डीव्हीडी आणि व्हीएचएस ही बहुतेक पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांची. टीव्ही मात्र संगणकाकडून सेकंदाला ६० चित्रे घेत असतो. २५ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवली जातात, आणि नट रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला की तो बारीक हिसके घेत चालल्यासारखा दिसतो. नाटकाच्या शेवटी वर सरकणाऱ्या नावांमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. कोडीच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हा पर्याय 'ऑन स्टार्ट / स्टॉप' वर ठेवला की अशा फायलीसाठी टीव्ही ५० हर्ट्झवर जातो, प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येते आणि हालचाल एकसंध होते. २४ चित्रांच्या चित्रपटांसाठी तो २४ वर जातो. बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, त्याला घाबरू नये. सेटिंग्जची पातळी 'एक्स्पर्ट' केल्याशिवाय यातले काही पर्याय दिसत नाहीत.

व्हीएचएसवरून केलेल्या फायलींमध्ये प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेले असते, आणि म्हणूनच हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसत. व्हिडिओ चालू असताना डीइंटरलेसिंग, म्हणजे हे दोन भाग नीट जुळवणारी सोय, सुरू केले आणि त्या गेल्या. माझ्या काकांच्या वरातीत उडवलेल्या अक्षता पहिल्यांदाच सुट्या सुट्या दिसल्या.

व्हीसीडी उतरवताना नुसती तबकडीवरची डीएटी ही व्हिडिओची फाइल कॉपी केली तर ओरखडे असलेल्या तबकड्या मध्येच अडतात, कारण व्हीसीडीवर व्हिडिओसाठी जागा वाढवताना चूक दुरुस्त करणाऱ्या माहितीचा एक थर वगळलेला असतो. व्हीसीडीएक्सरिप या आज्ञेने लिनक्सवर अनेक तबकड्या निघाल्या. नाटकांची माहिती चित्रपटांच्या ऑनलाइन संग्रहात बहुधा सापडत नाही. प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची छोटी एनएफओ फाइल करून त्यात नाव, वर्ष, कलाकार मराठीत लिहिले. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर कोडीच्या स्किनच्या (पडद्यावरच्या मांडणीच्या) सेटिंगमध्ये एरियलवर आधारित फॉन्ट निवडावा.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, तीन बदल केले. प्रोसेसरची दीर्घकालीन वीजमर्यादा ३५ वॉटवर आणली. व्हिडिओ पाहण्यात काहीही फरक पडला नाही. पंख्याचा आलेख असा ठेवला की ५५ अंशांपर्यंत तो किमान वेगाने फिरेल आणि क्षणिक उष्णतेला लगेच प्रतिसाद देणार नाही, कारण सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या आवाजाकडे लक्ष अधिक जाते. तिसरा बदल वीज गेल्यानंतर आपोआप सुरू होण्याचा.

रिमोटसाठी यूएसबीचा २.४ गिगाहर्ट्झचा साधा रिमोट घेतला. तो आधी मधूनच दाद देत नव्हता. यूएसबी ३ च्या पोर्टांमधून याच लहरींच्या आसपास व्यत्यय येतो. दीडशे रुपयांची एक्स्टेंशन वायर लावून त्याचा रिसीव्हर कॅबिनेटपासून दूर, टीव्हीच्या कडेला चिकटवला आणि अडचण संपली.

खर्च असा झाला: प्रोसेसर १०,८०० रुपये, मदरबोर्ड ९,७००, १६ जीबी रॅम ३,३००, लिब्रेएलेकसाठी छोटी एनव्हीएमई एसएसडी १,९००, २ टीबी एसएसडी ८,६००, कूलर ४,६००, कॅबिनेट ८,२००, एसएमपीएस ८,९००, रिमोट ७५०, एचडीएमआय वायर ९००, एक्स्टेंशन १५०; एकूण ५७,८०० रुपये. एसएमपीएस परत पाठवण्याचे कुरिअर वेगळे. रक्कम लहान नाही. केवळ ओटीटी पाहणाऱ्यांनी हा खर्च करू नये असेच मी सांगेन. ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आणि घरच्या कॅसेटी आहेत, त्यांनी मात्र इंटेलचा फुकट कूलर आणि निम्म्या क्षमतेची एसएसडी घेऊन हे सुमारे आठ-नऊ हजारांनी कमी करावे.

मे २०२४ मध्ये, खोलीत ३५ अंश असताना, सलग तीन अंकी नाटकाला प्रोसेसर ६० अंशांच्या आत राहिला. टीव्ही युनिटच्या मागची प्लायची पट्टी सुताराकडून हातभर कापून घेतली होती, त्याचा यात मोठा वाटा आहे. बंद कप्प्यात हे जमले नसते. धुळीच्या जाळ्या महिन्याआड काढून पाण्याखाली धुते आणि पूर्ण वाळल्यावर लावते. एक काम राहिले आहे: टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालावे, यासाठी एचडीएमआय-सीईसीचे वेगळे यूएसबी उपकरण लागते, कारण मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये ती सोय नाही. ते परदेशातून मागवावे लागेल, तेव्हा सीमाशुल्काचा हिशेब करून ते घ्यायचे की नाही हे ठरवीन.